फॉकलंडचं पाकीट, नौपाड्याचा पत्ता

आनंदा दामाजी नाखवा यांनी तेहेतीस वर्षांच्या नोकरीत एकही पोस्टकार्ड वाचलं नव्हतं. ठाण्यातल्या एका पोस्टात ते सॉर्टर होते. पत्ता वाचायचा, मजकूर वाचायचा नाही, असं १९६० साली त्यांना एका वयस्कर सॉर्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते त्यांनी पाळलं. दुपारच्या चहाला कुणी एखादं गमतीचं कार्ड मोठ्याने वाचायला घेतलं की नाखवा आपला कप उचलून खिडकीशी जायचे.

१९९३च्या डिसेंबरात त्यांनी पहिलं कार्ड वाचलं. वाचायचं म्हणून वाचलं नाही. नौपाड्याच्या कप्प्यात टाकायला उचललं, पत्ता ओळखीचा होता आणि मजकुरातला एक शब्द डोळ्यांत शिरला. मग ते सगळंच वाचलं. पत्ता होता श्री. मधुसूदन टिपणीस यांचा. मजकूर असा: ‘आपल्या “डॉल्फिन आणि त्यांची बेटे” या तिकीट-संग्रहाला डोंबिवलीच्या प्रदर्शनात पहिला क्रमांक मिळाल्याचे कळले. बारा वर्षांच्या चिकाटीचे चीज झाले. अभिनंदन.’

नाखव्यांनी कार्ड नौपाड्याच्या कप्प्यात टाकलं आणि पुढचं उचललं. त्या दिवशी टिपणिसांच्या नावाची आणखी तीन कार्डं आली. ती त्यांनी वाचली नाहीत.

तो संग्रह नाखव्यांचा होता.

नाखव्यांचं घर चेंदणी कोळीवाड्यात. वडील दामाजी खाडीत मासेमारी करायचे. कोलशेतच्या बाजूला कारखाने आले, पाण्याला वास यायला लागला, जाळ्यात मासळी येईना, तेव्हा दामाजींनी मुलाला सातवीनंतर शाळेतून काढायचा बेत रद्द केला आणि मॅट्रिकपर्यंत शिकवलं. होडी विकून टाकली. या दामाजींनी मुलाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. १९४७च्या भादव्यात कोलशेतसमोर भरतीच्या पाण्यात त्यांच्या होडीच्या बाजूने एक गादा वर आला, फुस्कन श्वास सोडला आणि परत खाली गेला. गादा म्हणजे डॉल्फिन. तो दिसला की कोळी जाळं वर ओढून घेतात, कारण तो अडकला तर जाळं फाटतं आणि मेला तर वाईट वाटतं. दामाजींनी जाळं ओढलं. गादा पुन्हा दिसला नाही.

१९८१ साली कोलशेतच्या एका कारखान्याच्या टपालात नाखव्यांना एक परदेशी पाकीट दिसलं. तिकिटावर काळापांढरा डॉल्फिन होता आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरं. पाकीट त्यांनी कोलशेतच्या कप्प्यात टाकलं, पण अक्षरं कागदावर उतरवून घेतली आणि संध्याकाळी नौपाड्यात मधु टिपणिसांकडे गेले.

टिपणीस त्यांचे शाळेपासूनचे मित्र. एका कंपनीच्या निर्यात खात्यात होते, इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायचे. घरी टाइपरायटर होता. बोलायला मजेदार, खायला शौकीन. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, “फॉकलंड बेटं. दक्षिण अमेरिकेच्या पार खाली. हा कॉमरसनचा डॉल्फिन. आनंदा, तू पोस्टात आहेस की मत्स्य खात्यात?”

“असे अजून किती असतील?”

“डॉल्फिन?”

“बेटं.”

तिथून सुरुवात झाली. नाखव्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. दुकानातलं कोरं तिकीट त्यांना नको होतं. ज्या बेटाच्या पाण्यात तो डॉल्फिन राहतो, त्याच बेटाच्या पोस्टाचा शिक्का तिकिटावर हवा आणि पाकीट टपालातून प्रवास करून आलेलं हवं. म्हणून ते थेट तिथल्या पोस्टमास्तरला पत्र लिहायचे: मी भारतात तुमच्यासारखाच टपालाचं काम करतो, आपल्या बेटाजवळ कोणते डॉल्फिन दिसतात ते कळवा आणि जमल्यास त्यांचं तिकीट लावून पाकीट पाठवा. टपालवाले टपालवाल्याला सहसा नाही म्हणत नाहीत. उत्तराच्या टपालखर्चासाठी ते आंतरराष्ट्रीय कूपन जोडायचे. मजकूर मराठीत नाखव्यांचा, इंग्रजी आणि टाइपिंग टिपणिसांचं.

पत्ताही टिपणिसांचाच.

याचं कारण समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. त्याआधी दोन वर्षं दुसऱ्या गावातल्या एका सॉर्टरला परदेशी पाकिटांवरची तिकिटं काढताना पकडलं होतं. तो निलंबित झाला आणि टपालात तिकिटं जमवणारा माणूस म्हटलं की लोक हसायला लागले. नाखव्यांना वाटलं, परदेशी पाकिटं आपल्याच नावाने आपल्याच टेबलावर यायला लागली तर उद्या कुणीही बोट दाखवेल. ‘नाखवा, मार्फत टिपणीस’ असंही त्यांना नको होतं. सॉर्टरने स्वतःचं नाव असलेलं टपाल हाताळू नये, असं त्यांचं मत होतं. असा नियम नव्हता. तो त्यांनीच केला होता. म्हणून पत्राखाली सही टिपणिसांची आणि परतीच्या पाकिटावर नाव टिपणिसांचं. ‘तुमच्यासारखाच टपालाचं काम करतो’ हे वाक्यही टिपणिसांच्या सहीवर जायचं. टिपणिसांना त्याची गंमत वाटायची.

पाकीट आलं की नाखवा ते हातात घेत, शिक्का बघत आणि नौपाड्याच्या कप्प्यात टाकत. तिथून ते पोस्टमन काळुराम भोईरच्या पिशवीत जाई, काळुराम ते टिपणिसांच्या दारात टाकी, आणि संध्याकाळी नाखवा नौपाड्यात जाऊन तेच पाकीट घेऊन येत. काळुराम कोलशेतचा. पोस्टात हे गुपित त्याला एकट्याला माहीत होतं. “दादा, टेबलावरून खिशान घालायचा त्याला तू अर्दा ठाना फिरवतंस,” तो म्हणायचा.

जाताना नाखवा रिकाम्या हाताने जात नसत. बायको शेवंती डबा भरून द्यायची: निवट्यांचं कालवण, चिंबोऱ्या, सुका जवळा. टिपणिसांच्या पत्नी उत्तरावहिनी डबा धुऊन, त्यात साखर किंवा लाडू घालून परत करायच्या.

बारा वर्षांत एकतीस बेटांवरून एकशे बारा पाकिटं आली. नाखव्यांकडे एक जाड वही होती. तिच्यात प्रत्येक जातीला एक पान. शास्त्रीय नाव टिपणिसांकडून लिहून घेतलेलं, त्याखाली नाखव्यांनी स्वतः ठेवलेलं मराठी नाव. हवेत गिरक्या घेणारा तो ‘भिंगरी’: लक्षद्वीप, हवाई, ब्राझीलचं फर्नांडो द नोरोन्या. लक्षद्वीपवरून साधंच भारतीय तिकीट आलं होतं, पण कवरत्तीच्या शिक्क्यासह आणि तिथल्या पोस्टमास्तरच्या हिंदी चिठ्ठीसह: ‘भाईसाहब, यहाँ ये सुबह नाव के आगे नाचते हैं.’ फेरो बेटांचा ‘पांढऱ्या चोचीचा’. सेंट हेलेनाचा ‘ठिपकेवाला’. दक्षिण जॉर्जियाच्या गार पाण्यातला, अंगावर दोन पांढरे पट्टे असलेला ‘डमरू’. शेवटच्या पानावर ‘गादा’. त्या पानावर पाकीट नव्हतं. फक्त लिहिलं होतं: ‘माझ्या बापाने १९४७च्या भादव्यात हा ठाण्याच्या खाडीत, कोलशेतसमोर पाहिला. जाळं वर घेतलं.’

त्यांचा सगळ्यात आवडता होता तो पहिला, काळापांढरा. त्याचं नाव ‘दोन गावांचा’. हा डॉल्फिन दक्षिण अमेरिकेच्या टोकाला आणि फॉकलंडच्या आसपास राहतो आणि तिथून आठ हजार किलोमीटरवर केर्गेलेन नावाच्या फ्रान्सच्या बेटांपाशी. मध्ये कुठेही नाही. तो तिकडे कसा गेला असेल, यावर नाखवा टिपणिसांशी तासन्‌तास बोलायचे. त्या पानावर त्यांना दोन्ही गावांची पाकिटं शेजारी शेजारी लावायची होती.

फॉकलंडला पत्र गेलं मार्च १९८२मध्ये. एप्रिलमध्ये तिथे युद्ध सुरू झालं. “आनंदा, तुझ्या माशासाठी इंग्लंडचं आरमार निघालंय,” टिपणीस म्हणाले.

“मासा नाही तो. पिल्लाला दूध पाजतो.”

“मग तर सोडवायलाच हवा.”

पाकीट पुढच्या जानेवारीत आलं. आत पोस्टमास्तरने उशिराबद्दल दोन ओळींची माफी मागितली होती. केर्गेलेनवर मात्र कायमची वस्ती नाही. संशोधक येतात जातात, टपाल घेऊन जहाज वर्षातून मोजक्या वेळा. तीन पत्रं गेली, उत्तर नाही. चौथं पत्र १९९२च्या अखेरीस गेलं.

नाखवा ३१ मे १९९४ला निवृत्त व्हायचे होते. त्यानंतर संग्रह प्रदर्शनात ठेवायचा, स्वतःच्या नावाने, आणि गुपित जपलेल्या काळुरामला प्रदर्शनाच्या दारावर स्वागताला उभं करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. निवृत्तीआधी का नाही, याचं उत्तर टिपणिसांनी दिलं होतं. खात्यातल्या माणसाला भाग घेता येत नाही, असं ते म्हणाले. नाखव्यांनी विचारलं नाही की हे कुठे लिहिलंय. त्यांना ते पटण्यासारखं वाटलं. ९३च्या दिवाळीत टिपणीस म्हणाले, “सगळं माझ्याकडे आणून ठेव. वहीसुद्धा. प्रत्येक पानाला इंग्रजी मजकूर टाइप करून लावतो. जूनपर्यंत तयार हवं ना?” नाखव्यांनी दोन पिशव्या भरून नेल्या. त्या दिवशी डब्यात भरल्या चिंबोऱ्या होत्या.

ते पोस्टकार्ड आलं त्याच आठवड्यातल्या रविवारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. नाखवा डोंबिवलीला गेले. कुणाला सांगितलं नाही.

शाळेचं सभागृह होतं. त्यांचा संग्रह दारातून आत गेल्यावर समोरच, आठ चौकटींत, वर सोनेरी फीत. पाकिटं त्यांनी लावली होती त्याच क्रमाने. इंग्रजी मजकूर सुबक टाइप केलेला, मराठी नावंसुद्धा इंग्रजी अक्षरांत ठेवलेली: भिंगरी, डमरू, दोन गावांचा. लोकांना ती नावं फार आवडत होती. दोन बायका मुलांना वाचून दाखवत होत्या. कोपऱ्यात कार्ड होतं: श्री. मधुसूदन गो. टिपणीस, नौपाडा, ठाणे.

शेवटच्या चौकटीत गादा होता. त्याखालचं इंग्रजी नाखव्यांना कळण्याइतकं सोपं होतं. माझ्या वडिलांनी हा १९४७ साली ठाण्याच्या खाडीत पाहिला. त्यांनी आपलं जाळं वर घेतलं.

नाखव्यांनी ते दोनदा वाचलं. मग शेजारचा संग्रह बघायला वळले. तो पक्ष्यांचा होता, तिसरा क्रमांक. कोपऱ्यातल्या कार्डावर नाव होतं कल्याणच्या एका पोस्टमनचं, हुद्द्यासकट.

सोमवारी संध्याकाळी ते नौपाड्यात गेले. दार टिपणिसांनी उघडलं.

“ये, ये. तुलाच निरोप पाठवणार होतो. उत्तरा, आनंदा आलाय, चहा टाक.”

“मी काल डोंबिवलीला गेलेलो.”

टिपणीस खुर्चीत बसले. “अरे, मग बरंच झालं. मला तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. आपला पहिला नंबर आला.”

“आपला?”

“तुझं नाव घालता येत नव्हतं रे. खात्यातला माणूस चालत नाही, तुला माहितेय.”

“शेजारी कल्याणचा पोस्टमन होता. नाव होतं, पोस्टाचं नाव होतं.”

“तो विभाग वेगळा असेल.”

“विभाग तोच. तू पहिला, तो तिसरा.”

टिपणीस हसले. “तू वकील व्हायला हवा होतास.”

“आणि माझ्या बापाचं काय?”

“कुणाच्या बापाचं?”

“तुझे बाबा कोर्टात कारकून होते, मधु. एकदा मासुंद्याच्या तळ्यात होडीत बसलेले, तर उतरल्यावर आजारी पडले. तूच सांगायचास. ते कोलशेतला जाळं कधी टाकायला गेले?”

“अरे, ते तुझंच वाक्य आहे. तू ‘माझ्या बापाने’ लिहिलंस, मी ‘माय फादर’ केलं. एक अक्षर बदललं नाही.”

“खाली सही तुझी आहे.”

चहा आला. उत्तरावहिनी कप ठेवून लगेच आत गेल्या. टिपणिसांनी आपला कप उचलला आणि आवाज न चढवता म्हणाले, “हे बघ, बारा वर्षं टाइप कुणी केलं? ती पत्रं कुणाला आली? एकशे बारा पाकिटं आहेत, आनंदा. एकावर तरी तुझं नाव दाखव.”

नाखव्यांनी आपला कप बशीसकट बाजूला सरकवला.

“आणि तू हे बाहेर बोलायला लागलास तर लोक काय विचारतील? टिपणिसांच्या नावाने आलेल्या परदेशी पाकिटांशी सॉर्टरचा काय संबंध? मी नाही विचारणार. पण विचारणारे असतात. मे महिन्यात रिटायर होतोयस, शांतपणे हो.”

याच प्रश्नाच्या भीतीने नाखव्यांनी बारा वर्षांपूर्वी स्वतःचं नाव पाकिटांवर येऊ दिलं नव्हतं. ते उठले. “वही दे,” म्हणाले.

वही टिपणिसांनी दिली. त्यांना आता तिची गरज नव्हती.

घरी शेवंतीने सगळं ऐकून घेतलं. ती निवटे साफ करत होती, हात थांबवला नाही. “बारा वर्सं माज्या हातचा खाल्ला त्यानी,” ती म्हणाली. “पाकिटा नेली ती नेली. तुजा बापूस पन नेला.” थोड्या वेळाने विचारलं, “माजा मोठा डबा तिकरंच ऱ्हायला ना?”

दिवाळीचा तो डबा दुसऱ्या दिवशी काळुरामच्या हाती आला. घासलेला होता. आत साखर होती.

मार्चमध्ये केर्गेलेनचं पाकीट आलं.

सकाळची थैली उघडली, परदेशी टपाल वेगळं काढलं, तेव्हा ते सहावं किंवा सातवं होतं. तिकिटावर तोच काळापांढरा डॉल्फिन, त्यावर बेटाचा गोल शिक्का, कोपऱ्यात कुणा जहाजाचाही शिक्का. पत्ता टिपणिसांचा. पाकीट निघून चार महिने झाले होते.

काळुराम आपली पिशवी भरायला आला होता. त्याने नाखव्यांच्या हाताकडे बघितलं. “हाच ना? ज्याची वाट बगतव तो?”

“हाच.”

“मंग घाल खिशान. कोन बगतंय?”

“नाव टिपणिसांचं आहे.”

“नाव टिपणिसाचा, माल तुजा. तू लिवलंस, तू कूपन लावलंस. दादा, तुना काय येर लागलाय?”

नाखव्यांनी पाकिटावर आपल्या पोस्टाचा शिक्का मारला, तिकिटावर येणार नाही असा, मागच्या बाजूला. मग ते नौपाड्याच्या कप्प्यात ठेवलं.

“मी तलावान टाकीन त्याला,” काळुराम म्हणाला.

“टाक. तक्रार मी स्वतः लिहीन.”

काळुरामने ते पाकीट पोचवलं. संध्याकाळी परत आल्यावर टिपणीस काय बोलले ते आधी सांगेना. नाखव्यांनी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाला, “बोलला, आनंदाला सांग, जोडी जमली.”

३१ मे रोजी पोस्टात छोटा समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. एका अधिकाऱ्याने भाषणात सांगितलं की नाखव्यांसारखी माणसं आता दुर्मीळ आहेत. त्यांना कसलाही छंद नव्हता, नोकरी हाच त्यांचा छंद होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काळुराम मागे उभा होता, तो बाहेर निघून गेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नाखवा खिडकीच्या बाहेरच्या बाजूने, गिऱ्हाईक म्हणून, त्याच पोस्टात गेले आणि आंतरराष्ट्रीय कूपनं घेतली. मुलगी हेमा कॉलेजात होती. तिच्याकडून त्यांनी नऊ पत्रं लिहून घेतली. पहिलं फॉकलंडला. मी निवृत्त टपाल कर्मचारी आहे, डॉल्फिनची तिकिटं जमवायला सुरुवात करतो आहे, आपल्या बेटाच्या शिक्क्यासह एक पाकीट मिळावं. पाठवणाऱ्याचं नाव आणि परतीच्या पाकिटावरचं नाव एकच होतं: आनंदा डी. नाखवा, चेंदणी कोळीवाडा, ठाणे.

आठ पत्रांना उत्तर आलं नाही. फॉकलंडचं नोव्हेंबरात आलं, त्यांनी पाठवलेल्याच पाकिटातून. हेमाने ते ओटीवर बसून वाचलं, एक वाक्य इंग्रजीत, मग मराठीत.

पोस्टमास्तरने लिहिलं होतं की डॉल्फिनची ती तिकिटं आता शिल्लक नाहीत, याबद्दल दिलगिरी आहे. मात्र श्री. नाखवा सुदैवी आहेत. त्यांच्याच गावात श्री. एम. टिपणीस नावाचे सहव्यावसायिक राहतात. युद्धाच्या वर्षापासून त्यांच्याशी या कार्यालयाचा पत्रव्यवहार आहे. आमच्या डॉल्फिनविषयीची त्यांची आस्था, विशेषतः त्यांच्या कोळी वडिलांची हकिगत, आमच्या इथे सर्वांना ठाऊक आहे. श्री. नाखवा यांनी त्यांना अवश्य भेटावं. नवशिक्याला ते नक्कीच मदत करतील.

“पुढे?” नाखव्यांनी विचारलं.

“पुढे काही नाही. आपला विश्वासू.”

त्यांनी हात पुढे करून पाकीट घेतलं. शिक्का स्वच्छ होता, तारीख वाचता येत होती. शेवंती दारात येऊन तिकिटाकडे बघत म्हणाली, “यो कनचा मासा?”

“मेंढी आहे.”

वहीत मेंढीला पान नव्हतं. पाकीट त्यांनी वहीत लावलं नाही, टाकूनही दिलं नाही. कपाटात घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवलं. परदेशातून त्यांच्या स्वतःच्या नावाने आलेलं टपाल ते तेवढंच.